कार्तिकातली अर्धी आंघोळ

मी नेमकं काय शिकते हे आमच्या घरात कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. बाबा महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंच्या एका धर्मशाळेत स्वयंपाकी होते, चौथीपर्यंत शिकलेले. कुणी विचारलं की ते म्हणत, "पोरगी मोठ्या इस्पितळात फोटो काढते." आई दुरुस्ती करायची, "फोटो नाही हो, सिंकाई करते, शेक देते." दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. बी.एस्सी. होऊन मी कॅन्सर विभागात किरणोपचाराचा दोन वर्षांचा डिप्लोमा करत होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मी कुठे चुकते आहे हे सांगणारंही घरात कुणी नव्हतं.

नव्वदीचं दशक होतं. आमच्या विभागात एकच कोबाल्ट मशीन होतं, जाड भिंतींच्या एका खोलीत. पेशंटला टेबलावर झोपवायचं. मशीनच्या डोक्यातून अंगावर चौकोनी उजेड पडायचा, तो अंगावर आखलेल्या जांभळ्या रेघांशी जुळवायचा, मग बाहेर येऊन जड दार लावायचं आणि बटण दाबायचं. दीड-दोन मिनिटांचं काम. पेशंटला काही दुखत नाही, काही दिसत नाही. रेघा मात्र पाच आठवडे टिकायला हव्यात, कारण किरण कुठे पडायचे ते त्यांच्यावरून ठरतं. म्हणून त्या जागेला पाणी नाही, साबण नाही, तेल नाही.

बायकांच्या अंगावर रेघा आखायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्या खोलीत मी एकटीच मुलगी होते. आमच्या वरिष्ठ तंत्रज्ञांना सगळे उस्ताद म्हणत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात शाईची बाटली माझ्या हातात दिली. "बिटिया, आज से ये तुम्हारा. औरतें हमसे सकुचाती हैं, पूरी बात बताती ही नहीं."

दुसऱ्या वर्षी मी ते शिक्षण सोडायचं जवळजवळ ठरवलं होतं. कारण सांगणं थोडं अवघड आहे.

आमचं घर भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत. सकाळी घाटाघाटानं मणिकर्णिका ओलांडून दशाश्वमेधपर्यंत चालायचं, मग गोदौलियाहून टेम्पो. मणिकर्णिकेवरच्या चितांचं आम्हाला लहानपणापासून काही वाटत नाही. शाळेत जातानाही तोच रस्ता होता. पण डिप्लोमाला लागल्यापासून मला तिथे ओळखीचे चेहरे दिसायला लागले. एका सकाळी एक माणूस मुंडण करून पायरीवर बसलेला दिसला. त्याच्या बायकोला मी महिनाभर रोज टेबलावर झोपवलं होतं. त्यानं मला ओळखलं, उठून हात जोडले आणि म्हणाला, "आपने बहुत सेवा की." मीही हात जोडले आणि पुढे निघून गेले. पुढच्या काही महिन्यांत असं आणखी तीनदा झालं.

उपचार संपले की पेशंट आमच्या खोलीतून निघून जायचे. नंतर त्यांचं काही कळलंच तर ते या घाटावर कळायचं. मला वाटायला लागलं की आमची खोली म्हणजे याच रस्त्यावरचा एक थांबा आहे. रेघा आखताना हात यंत्रासारखा चालायला लागला. मी पेशंटच्या तोंडाकडे बघणं बंद केलं. चेहरा लक्षात राहिला नाही तर घाटावर ओळख पटणार नाही, इतका साधा हिशेब होता तो. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

मी बी.एड.चा फॉर्म आणला आणि बाबांना सांगितलं. ते भोपळा चिरत होते.

"मास्तरीण होशील? वाईट काय त्यात." थोडा वेळ विळीवर हात चालत राहिला. "पण हे झेपत नाही म्हणून सोडतेस, की आवडत नाही म्हणून?"

मी फॉर्म घडी करून वहीत ठेवला. फॉर्म भरायची शेवटची तारीख दिवाळीनंतरची होती.

काकू आल्या त्या याच सुमाराला, दसऱ्यानंतरच्या सोमवारी. आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या, साठीच्या आसपास, नऊवारीतल्या. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालेलं, जखम भरलेली आणि आता पंचवीस दिवस किरण घ्यायचे. सोबत त्यांचे यजमान होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. ते पत्रिका करून देत. मी मराठीतच आडनाव विचारलं तेव्हा काकूंचा चेहरा एकदम उजळला.

"अगं बाई! मराठी का तू? कुणाची गं?"

मी बाबांचं नाव सांगितलं.

"म्हणजे आपल्या त्या धर्मशाळेतल्या... अहो, ऐकलंत का, ह्यांची मुलगी! त्यांच्या हातची आमटी खाल्लीय आम्ही." आणि मग हळूच, "बरं झालं बाई. या लोकांसमोर पदर काढायचा म्हणजे मला मेल्यासारखं होत होतं."

इथे माझी चूक झाली. ती कशी झाली हे मला खूप नंतर उमगलं. हिंदी बोलणाऱ्या पेशंटना मी नियम धडाधड सांगायचे. पानी नहीं, साबुन नहीं, पाँच हफ़्ते, समझीं? ती माझी इस्पितळातली भाषा होती, उस्तादांकडून उचललेली. मराठी मात्र मी फक्त घरात बोलत आले होते, आणि घरात मी मोठ्या माणसाला कधी काही बजावलं नव्हतं. आईच्या वयाच्या, आपल्यातल्याच एका बाईला छातीबद्दल आणि आंघोळीबद्दल मराठीत कसं बजावायचं, हे मला येतच नव्हतं. रेघा आखून झाल्यावर मी खाली बघत म्हणाले, "काकू, एवढं जरा शक्यतो सांभाळा हं. आंघोळीच्या वेळी."

"हो गं, सांभाळते की," त्या म्हणाल्या.

त्या गुरुवारी कोजागिरी झाली आणि शुक्रवारपासून कार्तिकस्नान सुरू झालं.

पुढच्या सोमवारी काकूंना टेबलावर झोपवलं आणि उजेड टाकला, तर तो रेघांशी अगदी काटेकोर जुळला. एरवी तसं होत नसे. अंगाला गोलाई असते, व्रण असतो, हात थोडा हलतो. माझ्या रेघा कुठेतरी वळायच्याच आणि उजेडाची कड त्यांच्याशी जरा मागेपुढे व्हायची. त्या दिवशी चारही बाजू सरळ. मला वाटलं, माझा हात बसला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मंगळवारीही तसंच झालं.

दर बुधवारी कार्ड काढून पट्टीनं मापं तपासायची, असा उस्तादांचा नियम होता. वरची रेघ गळ्याच्या हाडापासून किती अंतरावर, आतली रेघ छातीच्या मध्यापासून किती, हे सगळं कार्डावर लिहिलेलं असे. मी पट्टी लावली. वरची रेघ जवळजवळ दीड बोट खाली होती. मी पुन्हा लावली. मग वाकून बघितलं. शाई जांभळीच होती, पण थोडी निळ्याकडे झुकलेली.

"काकू," मी विचारलं, "ह्या रेघा कुणी काढल्या?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. "ह्यांनी."

हळूहळू सगळं बाहेर आलं. कार्तिकस्नानाला त्या रोज पहाटे गंगेवर जात होत्या. शनिवारपर्यंत रेघा फिकट झाल्या, रविवारी गेल्याच. रेघा गेल्या म्हणून आता उपचार बंद करतील, वर तू रागावशील, असं त्यांना वाटलं. गुरुजी म्हणाले, घाबरतेस कशाला, मी आखून देतो. त्यांनी पत्रिकेची पट्टी घेतली, शिक्क्याच्या पॅडची शाई घेतली आणि आठवणीनं चौकट आखली.

त्या क्षणी खोलीत आम्ही दोघीच होतो. मी ओल्या कापसानं त्या रेघा पुसून कार्डाप्रमाणे नव्या आखल्या असत्या, तर कुणालाच कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला. हातात कापूस घेऊन मी किती वेळ उभी होते ठाऊक नाही. मग बाहेर जाऊन उस्तादांना सांगितलं, की दोन दिवस किरण खाली पडले आणि ते मीच दिले.

उस्ताद मला घेऊन डॉक्टर मॅडमकडे गेले. मॅडमनी स्वतः येऊन मापं घेतली, कार्डावर काहीतरी मांडलं. "भरून काढता येईल," त्या हिंदीत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "रेघेवर विश्वास ठेवायचा नाही. रोज मोजायचं. आणि पेशंटला आंघोळीचं सांगितलं कुणी?"

"मी."

"मग नीट सांगितलं नाहीस."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मी नव्या रेघा आखल्या, आणि या खेपेला घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं. कार्तिक संपेपर्यंत गंगास्नान नाही. काकू साडी सारखी करत शांतपणे ऐकत होत्या. "बत्तीस वर्षांत एक दिवस चुकला नाही गं," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसाचे किरण त्यांनी घेतले. गुरुवारी त्या आल्या नाहीत. शुक्रवारीही नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी घरी जाताना मी त्यांच्याकडे गेले. गुरुजी खिडकीशी बसून कुणाची तरी पत्रिका आखत होते. मला बघून त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"ये. चूक माझीच आहे, मी नाही म्हणत नाही. पण मी काही वाकडंतिकडं केलं नव्हतं हो. पट्टी लावून आखलं होतं." मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "तुझी वरची रेघ जरा तिरकी होती. तेवढी मी सुधारली."

मला हसूही येईना आणि रडूही.

काकू आतून पाणी घेऊन आल्या. "तू कशाला आलीस हे ठाऊक आहे मला. कार्तिक झाला की येते. महिन्याचा तर प्रश्न आहे."

"काकू, मध्ये महिना सोडून नाही चालत. एकदा सुरू केलं की खंड पडू द्यायचा नसतो. आजार डोकं वर काढतो."

"ऑपरेशनमध्ये काढलंय ना ते सगळं?"

"काढलंय. पण बारीकसं काही राहिलं असेल तर..."

"असेल तर," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही. आणि शेक घेतला तरी वाचेनच, हे सांगतेस तू? सांग की."

मला मणिकर्णिकेवरचा तो मुंडण केलेला माणूस दिसला. मी 'हो' म्हणू शकले नाही. त्यांनी ते ओळखलं असावं. माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस पोरी. अगं, दिवसभर मी सगळ्यांची असते. पहाटेची तेवढी गंगा माझी असते. ती सोडून नुसतं जगायचं, तर ते कशासाठी?"

घरी येऊन मी बी.एड.चा फॉर्म भरायला घेतला. नाव, वडिलांचं नाव, पत्ता इथपर्यंत भरला.

शनिवारी आमचे वर्ग असत, म्हणून मी त्या दिवशी विभागात नसायचे. त्या शनिवारी उस्तादांनी मला वर्गातून बोलावून घेतलं. बाहेर नंबर पुकारणारा माणूस रजेवर होता. त्यांनी मुद्दाम मला बोलावलं की खरंच दुसरं कुणी नव्हतं, हे मला आजही ठाऊक नाही.

"आज पुराने लोगों का दिन है," ते म्हणाले. "कार्ड उठाओ, नंबर बोलो. और ज़रा ज़ोर से बोलना, मिमियाना मत."

लांब ओसरीत दोन्ही भिंतींना बाक होते आणि ते भरलेले होते. मी कार्डांचा गठ्ठा हातात घेतला आणि नंबर बघू लागले. कार्डं जुनी, कोपरे मऊ झालेले. रोजच्या किरणांच्या नोंदी उस्तादांच्या अक्षरात. कुणाचे उपचार तीन वर्षांपूर्वी संपलेले, कुणाचे पाच, एकाचे तर मी शाळेत असतानाचे. मी मान वर करून बघितलं. नंबर पुकारला की माणूस उठून येत होता, चपला घासत, डब्याची पिशवी सांभाळत. एक शाळामास्तर होते, आवाज पार घोगरा झालेला, पण बोलणं थांबत नव्हतं. शेजारच्या माणसाला ते कॉपी करणाऱ्या पोरांबद्दल सांगत होते. एक बाई नातवाला दटावत होती. कुणीतरी वैतागून म्हणालं, "अरे, बिटिया, जल्दी करो, गाय दुहनी है."

सव्वा वर्ष मी त्या इमारतीत होते आणि ही माणसं मला माहीतच नव्हती. बरी झालेली माणसं कोबाल्टच्या खोलीत परत येत नाहीत. ती शनिवारी येतात, दहा मिनिटं डॉक्टरांना भेटतात आणि आपापल्या कामाला जातात. सगळीच वाचली नव्हती. गठ्ठ्यातल्या काही कार्डांचे नंबर मी दोनदा-तीनदा पुकारले आणि कुणी उठलं नाही. पण ओसरी भरलेली होती, हेही तितकंच खरं होतं. मी एका खांबाला टेकून उभी राहिले. उस्ताद आतून ओरडले, "सो गई क्या?"

त्या गर्दीत चाची होत्या. सगळे त्यांना चाचीच म्हणत. राजा घाटाकडच्या मल्लाहांच्या, म्हणजे नावाड्यांच्या घरातल्या, काळ्यासावळ्या, उंच. त्यांच्या कार्डावर नेमकं काकूंचंच दुखणं होतं, तीच बाजू, तेच पंचवीस दिवस, सहा वर्षांपूर्वीचे. त्या डॉक्टरांकडून बाहेर आल्या तेव्हा मी त्यांना गाठलं. धीर करून विचारलं, "चाची, आपने उस वक़्त नहाने का क्या किया? गंगाजी का?"

त्या मोठ्यानं हसल्या. "मल्लाह की औरत से पूछती हो कि पानी से कैसे बची?"

मी काकूंबद्दल सांगितलं. नाव सांगितलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. अधूनमधून "हूँ" म्हणत होत्या. मग म्हणाल्या, "किस घाट पर नहाती हैं तुम्हारी पंडिताइन?"

रविवारी पहाटे मी भोसले घाटाच्या पायऱ्यांवर उभी होते. बांबूंच्या टोकांना टांगलेले आकाशदिवे अजून विझले नव्हते. काकू आल्या, हातात तांब्या आणि सुकी साडी. मला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात चाचींची छोटी नाव घाटाला लागली आणि त्या उतरल्या.

"राम राम, पंडिताइन. सुना है इस साल आपसे गंगाजी छोड़ने को कहते हैं?"

काकू एक पायरी वर सरकल्या. सोवळ्याची सवय. चाचींच्या ते लक्षात आलं.

"डरो मत, छूऊँगी नहीं. बस दिखाऊँगी." त्या बुरुजाच्या आडोशाला गेल्या, घाटाकडे पाठ केली, पदर बाजूला केला आणि चोळी वर सारली. सपाट छाती, आडवा पांढरट व्रण, भोवतालची कातडी जरा काळपट. "यहाँ रेखा थी, और यहाँ, और यहाँ. बैंगनी. मेरा मरद पूछता था, ये किसने नक्शा बना दिया, रस्ता किधर जाता है?"

काकूंना हसू आलं, आणि मग त्या हसल्या याचीच लाज वाटल्यासारखं झालं. त्यांनी चाचींकडे बघितलं, पुन्हा बघितलं. "कितने साल हुए?" त्यांचं हिंदी असं हळू आणि जपून मी कधी ऐकलं नव्हतं.

"ये सातवाँ कातिक है."

"और उस साल? उस साल कातिक नहाया था?"

"नहाया. आधा." चाचींनी चोळी खाली ओढली. "कमर तक पानी में खड़ी रही. गले में गमछा बाँधा कि बूँद न उतरे. गीला हाथ माथे पर, बस. आधा पाप उस साल धोया, आधा अगले कातिक के लिए रख लिया." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "उसके लिए जीना पड़ता है न, पंडिताइन. बिना जिए कौन आएगा धोने?"

काकूंनी तांब्या पायरीवर ठेवला. मग काकू दोन पायऱ्या खाली आल्या आणि त्यांनी एक बोट पुढे केलं. चाचींनी चोळी पुन्हा थोडी वर केली. काकूंनी त्या व्रणाला टोकापासून टोकापर्यंत हलकेच बोट लावलं.

"दुखतं?" त्यांनी मराठीतच विचारलं. चाचींना ते कळलं.

"ठंड में खिंचता है थोड़ा. काम करते रहो तो नहीं."

त्या सकाळी काकूंनी चाचींनी सांगितलं तशी आंघोळ केली. चाची पाण्यात त्यांच्या शेजारी उभ्या होत्या, हातभर अंतर ठेवून, आणि सूचना देत होत्या. "और नीचे नहीं! बस! लालच मत करो!" मी पायरीवर सुकी साडी धरून बसले होते. मला जे दोन दिवसांत जमलं नाही ते या बाईनं किती सहज केलं होतं. तिच्याकडे सहा वर्षं होती. मला फक्त नियम ठाऊक होता.

काकू बाहेर आल्या तेव्हा गळ्याभोवतीचं कापड कोरडं होतं. मी पहिल्यांदाच त्यांना मराठीत सरळ सांगितलं, "काकू, उद्या दहा वाजता. चुकायचं नाही. आणि रेघांना घरात कुणी हात लावायचा नाही."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, तुझ्या आईसारखी बोललीस की."

सोमवारी त्या दहाच्या आधी हजर होत्या. मी कार्ड काढून पट्टी लावली, हाडापासून मोजलं आणि फिकट झालेल्या जागा पुन्हा भरल्या. रेघ नेहमीसारखी जराशी वळली.

"ह्यांना दाखवू नकोस," काकू छताकडे बघत म्हणाल्या, "परत सुधारतील."

त्यानंतर त्यांचा एकही दिवस चुकला नाही. शेवटच्या आठवड्यात कातडी चांगलीच भाजली, काखेत सोलली. त्यांना ब्लाउज घालवेना. त्या दिवसांत त्या माझ्याशी फारसं बोलत नसत, चाचींच्या घरी जाऊन बसत. तिथे काय बोलणं व्हायचं ते मला कळलं नाही. एकदा गुरुजी म्हणाले, "मल्लाहाच्या घरी चहा पिऊन येते ही. पिऊ दे." कार्तिक पौर्णिमेलाही काकू कंबरेएवढ्याच पाण्यात उभ्या होत्या. मी लांबून बघितलं, जवळ गेले नाही.

बी.एड.च्या फॉर्मची तारीख मधल्या मध्ये निघून गेली. त्या दिवशी मी उस्तादांच्या मागे लागले होते की शनिवारच्या लोकांपैकी कुणी तयार असेल तर सोमवारी सकाळी नव्या पेशंटबरोबर बसू द्यावं. "यहाँ मेला लगाओगी?" ते म्हणाले, आणि दुपारी स्वतःच शिपायाकडून एक बाक दाराशी आणवला. पहिल्या सोमवारी फक्त घोगऱ्या आवाजाचे मास्तर आले. ते इतकं बोलले की एका नव्या पेशंटनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, गले की सिंकाई के बाद सब ऐसे ही हो जाते हैं क्या? मी म्हटलं, नाही, हे आधीपासूनच असे आहेत.

बाबांना मी सांगितलं की डिप्लोमा पुरा करते. ते म्हणाले, "झेपतंय?" मी म्हटलं, "नेहमी नाही." त्यांनी मान हलवली आणि पानात आणखी एक पोळी वाढली.

घाटावर अजूनही कुणी कुणी भेटत असे. त्यानंतर मी एवढं केलं की हात जोडून पुढे निघून जायचं सोडलं. थांबायचे, पेशंटचं नाव घेऊन दोन शब्द बोलायचे. रेघा आखताना तोंडाकडे बघायला लागले, म्हणून नावं लक्षात राहत होती. ते सोपं नव्हतं आणि पुढेही कधी सोपं झालं नाही. पण शनिवारी मी वर्ग बुडवून ओसरीत नंबर पुकारायला जायचे. पास होऊन तिथेच नोकरीला लागल्यावर तर ते कामच माझ्याकडे आलं.

पुढच्या वर्षी कार्तिक सुरू झाल्यावरच्या एका शनिवारी काकूंचं कार्ड गठ्ठ्यात होतं. त्यांनी त्या पहाटे पूर्ण आंघोळ केली होती, डोक्यावरून पाणी घेऊन. केस अजून ओले होते आणि पाठीवर साडी भिजली होती. बाकावर त्यांच्या शेजारी मिर्झापूरकडची एक तरुण बाई बसली होती, चेहरा अर्धा पदरात. तिला सोमवारपासून किरण सुरू होणार होते. काकू तिला आपल्या हिंदीत काहीतरी समजावत होत्या, गळ्याभोवती हात फिरवून कापड कसं बांधायचं ते दाखवत होत्या, आणि ती बाई एकटक बघत होती.

मी काकूंचा नंबर पुकारला. त्यांनी ऐकला नाही. पुन्हा पुकारला, आणि मग तिसऱ्यांदा, जवळ जाऊन.

"थांब गं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हिचं अर्धंच झालंय सांगून."

मी त्यांचं कार्ड गठ्ठ्याच्या खाली सरकवलं आणि पुढचा नंबर पुकारला.